माळ्यावरचा ग्रामोफोन: आधी नाव ओळखा, मग चावी द्या

जुन्या घराची आवराआवर निघाली की माळ्यावरून एखादी जड पेटी खाली येते. झाकण उघडलं की आत मखमल चढवलेली गोल चकती, कोपऱ्यात अडकवलेला चावीचा दांडा, आणि एका खोबणीत गंजलेल्या सुया. मग कोणीतरी उत्साहाने चावी फिरवायला लागतं, कोणीतरी हाताला येईल ती तबकडी वर ठेवतं, जुनीच सुई टेकवतं. पाच मिनिटांत ऐंशी-नव्वद वर्षं टिकलेल्या वस्तूचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ते टळावं आणि ती पेटी शोभेची वस्तू न होता पुन्हा गावी, म्हणून हा लेख लिहितो आहे.

माझा अनुभव असा की यंत्राचं खरं नाव कळलं की ते कसं वागवायचं हे निम्मं कळतं. म्हणून सुरुवात नावापासून.

तुमच्याकडे नेमकं काय आहे?

फोनोग्राफ, ग्राफोफोन, ग्रामोफोन, विक्ट्रोला ही एकाच यंत्राची चार नावं वाटतात, पण प्रत्येक नावामागे वेगळी रचना आहे.

फोनोग्राफ एडिसनचा, १८७७ सालचा. त्यात तबकडी नव्हती. आडवं नळकांडं होतं, त्यावर कथिलाचा पातळ वर्ख गुंडाळायचा आणि दांडा हाताने फिरवत, आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पडद्यासमोर बोलायचं. पडद्याला जोडलेली सुई वर्खावर कमी-जास्त खोल खळगे पाडत जायची. दुसरी सुई त्याच वाटेवरून नेली की बोललेलं परत ऐकू यायचं. चार-दोनदा ऐकलं की वर्ख संपला. त्याआधी १८५७ मध्ये पॅरिसच्या स्कॉट द मार्तिनव्हील यांनी काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवून दाखवली होती, पण ती फक्त डोळ्यांनी पाहण्यासाठी. ती रेघ वाजवून बघावी हे त्यांच्या योजनेत नव्हतं. त्यांनी १८६० साली काढलेल्या अशा एका रेघेतून २००८ मध्ये संगणकाच्या मदतीने गाणं ऐकता आलं.

ग्राफोफोन अलेक्झांडर ग्रॅहम बेल, त्यांचे चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांच्या प्रयोगशाळेतला. त्यांनी वर्खाच्या जागी मेण आणलं आणि आवाज दाबून उमटवण्याऐवजी कोरायला सुरुवात केली. १८८६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे एडिसननेही मेणाचीच वाट धरली. दोन्ही यंत्रांत सुई वर-खाली हलते, हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा फरक तिथेच आहे.

ग्रामोफोन एमिल बर्लिनर यांचा, १८८७ चा. त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. नळकांड्याऐवजी सपाट तबकडी घेतली, आणि सुई वर-खाली न हलवता डावी-उजवीकडे हलवली. तबकडीचा मोठा फायदा म्हणजे एका मूळ मुद्रणावरून धातूचा ठसा काढायचा आणि त्या ठशाने हव्या तितक्या प्रती दाबून काढायच्या. नळकांड्यांचं असं नव्हतं. त्यांच्या बऱ्या प्रती मोठ्या संख्येने काढणं बरीच वर्षं जमत नव्हतं. फोनोग्राफवर मात्र घरबसल्या स्वतःचा आवाज भरता येई, ग्रामोफोनवर फक्त ऐकता येई. बाजारात जिंकली ती ऐकण्याची सोय.

इंग्लंडमध्ये ग्रामोफोन हे नाव टिकलं आणि तिथून ते आपल्याकडे आलं. अमेरिकेत कोर्टकचेऱ्यांमुळे ते मागे पडलं. तिथे तबकडीच्या यंत्रालाही लोक फोनोग्राफच म्हणत राहिले. विक्ट्रोला हे व्हिक्टर कंपनीचं १९०६ मधलं नाव. त्यात कर्णा बाहेर न ठेवता लाकडी कपाटात लपवलेला होता. आमच्या घरी आजोबा तबकडीच्या यंत्राला ‘फोनो’ म्हणत, म्हणजे नाव एडिसनचं आणि यंत्र बर्लिनरचं. कर्ण्यासमोर बसलेल्या त्या प्रसिद्ध कुत्र्याचीही हीच गोष्ट आहे. फ्रान्सिस बरॉ यांच्या मूळ चित्रात निपर नळकांड्याच्या फोनोग्राफसमोर बसला होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेताना त्यावर ग्रामोफोन रंगवून घेतला.

आता तुमच्या पेटीकडे या. आडवं नळकांडं बसवायची जागा दिसली तर तो फोनोग्राफ आहे, आणि इथून पुढचं सांगणं त्याच्यासाठी नाही. मेणाची नळकांडी बोटांच्या उबेनेही खराब होतात. ती उचलायची तर आतून दोन बोटं पसरून उचला आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय वाजवू नका. आपल्याकडच्या घरांत बहुतेक वेळा सापडतो तो चावीचा ग्रामोफोन: कधी बाहेर कर्णा असलेला, पण जास्त करून १९२० नंतरचा पेटीसारखा, हातात धरून नेता येणारा. एचएमव्हीचं १०२ हे १९३१ मध्ये आलेलं मॉडेल अशाच पेट्यांपैकी.

जुन्या बाजारातून चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घेतला असेल तर तो जरा बारकाईने पाहा. पेटीचा ग्रामोफोन मोडून त्याचं यंत्र नव्या लाकडात घालायचं आणि वर पातळ पत्र्याचा कर्णा बसवायचा, असे जोडलेले नग खूप फिरतात. कर्ण्याच्या मानेपाशी ओबडधोबड डाग दिलेला कोपर, चावीचं भोक सैल, आणि कुत्र्याचं चित्र असलेली कोरी पट्टी नव्या स्क्रूंनी ठोकलेली, ही त्यांची खूण. अशी यंत्रं तबकड्या फार खातात. चांगल्या तबकड्या त्यांच्यावर लावू नका.

आवाज कुठून कुठे जातो

ग्रामोफोन मला आवडतो तो याच्यासाठी. विजेचा एकही थेंब नाही, आणि आवाजाची सगळी वाट डोळ्यांना दिसते.

साध्या भिंगातून तबकडी पाहा. दूरून गुळगुळीत वर्तुळं वाटतात ती खरं तर एकच लांबलचक चरी आहे, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. तिच्या दोन्ही भिंती नागमोडी आहेत. तार सप्तकात वळणं दाट होतात, जोरकस जागी ती रुंद होतात. सुई या चरीत बसली की भिंती तिला डावी-उजवीकडे ढकलतात. सुई ज्यात बसवली आहे ती गोल डबी म्हणजे साउंडबॉक्स. आतमध्ये एक बारीक तरफ आहे: एका टोकाला सुई, दुसरं टोक अभ्रकाच्या पातळ पडद्याच्या मध्यभागी चिकटवलेलं. सुईची थरथर तरफेतून पडद्यावर जाते आणि पडदा हवेला ढकलतो. नंतरच्या साउंडबॉक्समध्ये अभ्रकाऐवजी ॲल्युमिनियमचा नक्षीदार पडदा आला, पण काम तेच.

एवढ्याशा पडद्याचा आवाज खोलीभर कसा जातो? त्यासाठी कर्णा. कर्णा स्वतः जोर घालत नाही. पडद्यासमोर हवेचा छोटा, दाबलेला स्तंभ असतो. कर्णा हळूहळू रुंद होत त्या स्तंभाची खोलीतल्या मोकळ्या हवेशी गाठ घालून देतो. शेतात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाशी दोन्ही हातांचा द्रोण धरतो, तेच तत्त्व. पेटीच्या ग्रामोफोनमध्ये कर्णा नाही असं वाटतं, पण तो आत घडी घालून बसवलेला असतो. म्हणून झाकण उघडं ठेवून वाजवायचं.

तबकडी फिरवण्याचं काम पोलादी पट्टीची गुंडाळलेली कमान करते. कमान पूर्ण आवळलेली असताना जोरात ओढते आणि सैल होत आली की मंद. तरी गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगात चालतं, ते गव्हर्नरमुळे. उभ्या पट्ट्यांवर बसवलेली तीन छोटी वजनं गरगर फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि चामड्याच्या तुकड्याला घासून वेग कमी करते. सुरुवातीचे ग्रामोफोन हाताने फिरवावे लागत आणि सूर डगमगे. १८९६ च्या सुमारास न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या एल्ड्रिज जॉन्सन यांनी कमानीचं यंत्र बसवलं आणि ग्रामोफोन खऱ्या अर्थाने संगीताचं साधन झालं. पुढे व्हिक्टर कंपनी काढली ती त्यांनीच.

पहिली पायरी: चावी देण्याआधी

पेटी कोरड्या जागी ठेवा आणि मऊ ब्रशने धूळ काढा. मधल्या दांड्यावर एखादी पिन किंवा कळ नाही ना ते पाहा, मग चकती दोन्ही हातांनी सरळ वर उचला. अडली तर ओढाताण करू नका. यंत्र ज्या फळीला लटकलेलं असतं तिचे कोपऱ्यांतले स्क्रू काढले की फळीसकट सगळं वर येतं. त्याआधी कमानीत जोर उरलेला नाही याची खात्री करा: चकती अडवून धरणारी खिट्टी मोकळी करून यंत्र थांबेपर्यंत फिरू द्या.

गव्हर्नरच्या दोन्ही टोकांना आणि फिरत्या दांड्यांच्या बुडाशी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. चामड्याच्या तुकड्यालाही एक थेंब हवा. तो कोरडा पडला की किरकिर सुरू होते. दातांच्या चाकांना थोडं ग्रीस. खोबरेल तेल किंवा स्वयंपाकाचं तेल चुकूनही नको, ते वर्षभरात चिकट होऊन बसतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. कमानीची गोल डबी उघडू नका. आत कित्येक फूट लांब पोलादी पट्टी दाबून बसवलेली असते. ती सुटली तर बोटं कापते. यंत्र फिरताना आतून अधूनमधून ‘धप्प’ असा आवाज येत असेल तर कमानीतलं जुनं ग्रीस घट्ट झालं आहे. ते काम ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

आता चावी. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सावकाश, आणि फेरे मोजत. हाताला जड लागायला लागलं की थांबा. किती फेऱ्यांवर ते झालं हे लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्या चार-पाच फेरे आधीच थांबा. ऐकून झालं की कमान पूर्ण उतरू द्या. आवळलेली कमान महिनोन्महिने तशीच ठेवली तर तिचा जोर मरतो.

साउंडबॉक्स

घोगरा, फाटका, भणभण करणारा आवाज येत असेल तर दोष बहुतेक इथे असतो. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना रबराच्या बारीक नळ्या असतात. नव्या असताना त्या मऊ असतात आणि पडद्याला मोकळं हलू देतात. इतक्या वर्षांत त्या वाळलेल्या शेवयांसारख्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे पडदा आवळला जातो आणि तोच ताण सुईवाटे तबकडीवर पडतो. रबर बदललं की फरक लगेच कानाला कळतो. डबीची मागची बाजू जस्ताच्या मिश्रधातूची असेल आणि तिला तडे गेलेले दिसले तर ती स्वतः खोलू नका. स्क्रू फिरवताच तुकडे पडतात.

सुई: इथे काटकसर नको

पोलादी सुई एका बाजूसाठी एकच वापरायची. गाणं संपलं, सुई बदलली. हे ऐकून लोकांना उधळपट्टी वाटते, म्हणून हिशेब सांगतो. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. तेवढ्या वेळात सुई चरीतून सव्वाशे मीटरच्या आसपास अंतर घासत जाते, आणि तिच्या टोकावर साउंडबॉक्सचा शंभर ग्रॅमहून जास्त भार असतो. तबकडीच्या मिश्रणात दगडाची बारीक भुकटी मुद्दाम घातलेली असते, ती पहिल्या काही फेऱ्यांत सुई घासून चरीच्या मापाची करून घेते. म्हणजे सुईनेच झिजायचं अशी योजना आहे. बाजू संपेपर्यंत तिच्या टोकाला दोन्हीकडून धार येते. तीच सुई पुन्हा लावली की ती धार चरीच्या भिंती तासते. ज्या तबकड्यांच्या चऱ्या राखाडी दिसतात, त्या अशाच तासल्या गेल्या आहेत. तो आवाज परत येत नाही.

सुया मऊ, मध्यम आणि मोठ्या आवाजाच्या मिळतात. बारीक सुई हळू, जाड सुई मोठ्याने. घरातल्या खोलीला मऊ किंवा मध्यम पुरे. डबीतल्या जुन्या सुया वापरलेल्या आहेत असंच धरून चाला. नव्या पोलादी सुया आजही ऑनलाइन मिळतात.

तबकडी

ग्रामोफोनवर फक्त मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लावायच्या. १९४८ नंतर आलेल्या एलपी विनाइलच्या, लवचीक आणि बारीक चरीच्या असतात. त्यांच्यासाठीच्या आधुनिक सुईचा भार दोन-तीन ग्रॅम असतो. ग्रामोफोनची सुई एलपीवर एकदा फिरली की ती एलपी गेली. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या, अगदी बीटल्सच्या गाण्यांच्यासुद्धा. त्यामुळे गाण्याच्या काळावरून अंदाज बांधू नका. लेबलवरचा वेग वाचा आणि जडपणा पाहा.

या जुन्या तबकड्या लाखेच्या. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे वाढतात, त्यांच्यापासून चपडा लाख होते. जगभरच्या तबकड्यांसाठी ती मुख्यतः भारतातून जाई. विदर्भात पळसावरची लाख पाहिलेल्या वाचकाला तिचे गुण सांगायला नकोत: टणक, काचेसारखी ठिसूळ, उन्हात मऊ होणारी आणि स्पिरिटमध्ये विरघळणारी. हा शेवटचा गुण मी महागात शिकलो. आईच्या मामांकडून आलेली नाट्यपदांची एक तबकडी, बुरशी निघावी म्हणून मी कापसावर स्पिरिट घेऊन पुसली. कापूस काळा झाला. मळ निघतोय असं वाटून मी अजून दोनदा पुसलं. तो काळा रंग मळाचा नव्हता, तबकडीचाच होता. त्या बाजूवर आता फक्त खरखर आहे.

म्हणून स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, काच पुसायचं द्रावणही नाही. साधं थंड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ ब्रश चरीच्या दिशेने गोल फिरवायचा. लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. लगेच स्वच्छ पाण्याने पुसून सुती कापडाने टिपायचं आणि सावलीत उभी करून वाळवायची. ठेवताना उभ्याच ठेवा, एकमेकींना सरळ आधार देत, प्रत्येक तबकडी कागदी पाकिटात. आडव्या थप्पीत खालच्या तडकतात. कोकणातल्या दमट हवेत पावसाळ्यानंतर एकदा सगळ्या बाहेर काढून पाहाव्यात.

वेग आणि सूर

चकतीच्या कडेखाली कागदाची छोटी चिठ्ठी बाहेर डोकावेल अशी ठेवा. तबकडी लावून, सुई टेकवून, घड्याळ धरा. वीस सेकंदांत सव्वीस फेरे झाले की वेग बरोबर ७८. कमी-जास्त असेल तर चकतीशेजारची छोटी दांडी सरकवा. सुई टेकवूनच मोजा, कारण ती टेकली की यंत्रावर भार येतो.

आपल्या संगीतात हे फार महत्त्वाचं आहे. मिनिटाला ७८ ऐवजी साडेत्र्याहत्तर फेरे झाले तर आवाज अर्ध्या सुराने उतरतो. काळी चारमधला गायक पांढरी पाचमध्ये ऐकू येतो, आणि तानांची धारही जाते. फार जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या नसायच्या. तो वेग पक्का झाला विजेवरच्या मुद्रणाच्या काळात, १९२५ च्या सुमारास. त्यामुळे १९१० च्या आसपासची तबकडी असेल तर घड्याळाबरोबर बाजाची पेटी (हार्मोनियम) किंवा तंबोरा घेऊन बसा. कुठल्याच स्वरावर षड्ज बसत नसेल, तर दांडी किंचित हलवून पाहा.

वाजवताना

झाकण उघडा. चावी द्या. नवी सुई शेवटपर्यंत आत सरकवून स्क्रू बोटाने घट्ट करा. खिट्टी सोडा, चकतीला पूर्ण वेग येऊ द्या, मग साउंडबॉक्स दोन बोटांत धरून सुई कडेच्या कोऱ्या जागी टेकवा आणि हळूच आत लोटा. वरून सोडू नका. आधी थोडी खरखर ऐकू येईल. ती दगडाच्या भुकटीची आहे, बिघाडाची नाही. कान काही सेकंदांत तिच्या पलीकडे जातात आणि बालगंधर्वांचं पद किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांचा सूर समोर उभा राहतो.

यंत्र सुरू असताना खोली सोडून जाऊ नका. सुरुवातीच्या तबकड्यांना शेवटी सुई अडवणारी चरी नसते. सुई सरळ लेबलावर जाऊ शकते. आणि जुन्या तबकडीचं गाणं संपलं म्हणून लगेच सुई उचलूही नका. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात मुद्रण करायला आले, तेव्हा मेणावर घेतलेली मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला पाठवली जात आणि तबकड्या तिथे दाबल्या जात. कलकत्त्यात कारखाना सुरू झाला तो १९०८ मध्ये. हॅनोव्हरच्या कारागिरांना गाणाऱ्याची भाषा येत नव्हती, लेबल कोणाचं लावायचं हे कळावं म्हणून गायक शेवटी स्वतःचं नाव घेत. गौहरजान यांनी इंग्रजीत घेतलेलं नाव तर प्रसिद्धच आहे. तेव्हा शेवटची समेची थाप पडली तरी हात साउंडबॉक्सजवळ ठेवून दोन-तीन सेकंद थांबा. नाव ऐकू आलं की सुई उचला, खिट्टी लावा आणि सुई बदला.